राणी रंगाचं शहर

१

सकाळी हॉल झाडणाऱ्या मावशीनं तिथल्या ट्यूबलाइट लावल्या आणि झाडू तिथंच टाकून ती बोंबलत बाहेर आली. तिला वाटलं भिंतच पेटली.

भिंतीला काही झालं नव्हतं. भिंतीवरच्या चित्राला झालं होतं.

चित्र म्हणजे साधंसुधं नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर जांभळं आभाळ. त्यात आडव्या फटी पाडलेला सूर्य, जणू कुणी पट्टीनं कापलाय. खाली चौकटीचौकटींची चकचकीत जमीन. आणि मधोमध शहर. उंच मनोरे, मनोऱ्यांना जोडणारे पूल, हवेत उडणाऱ्या गाड्या. ते शहर पांढरंशुभ्र होतं. अख्ख्या चित्रात तेवढंच पांढरं.

आता ते राणी रंगाचं झालं होतं. भडक, डोळ्यांत बोटं घालणारं.

पेंटर धावत आला. चित्राकडे बघून मटकन खाली बसला. मग उठला आणि पहिलं काम काय केलं? मोबाइल काढून फोटो घेतला आणि त्यांच्या लाइनीतल्या यच्चयावत चित्रवाल्या-संगीतवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे हिनं केलं.' आणि पुढे माझ्या पुतणीचं नाव.

संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं आणि त्यात चित्रासमोर तीच वाजवणार होती.

आमच्या पुतणीला घरात भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. आता दिवसदिवस एका जागी बसते, पण नाव राहिलं. तिचा मला फोन आला.

"काका, येता का? मला आत घेत नाहीयेत."

रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं.

मी पोलिसात होतो. रिटायर झाल्यापासून घरातले लोक मला चष्मा हरवला, किल्ली हरवली की बोलावतात. म्हटलं, चला, खूप दिवसांनी काहीतरी धड काम आलं. गुडघा कुरकुरत होता, त्याला दोन शिव्या घातल्या आणि निघालो.

हॉलच्या दारात भिंगरी उभी. खांद्याला तिची वायरींची पिशवी, गळ्यात पट्ट्यानं लटकवलेला जुना टेपरेकॉर्डर. आत पेंटर येरझाऱ्या घालत होता. काळा शर्ट, काळी पँट, हाताला आठवडाभराचा रंग.

"तुम्ही काका का?" तो म्हणाला. "पोलिसातले? बरं झालं आलात. घेऊन जा हिला."

"नेतो की," मी म्हटलं. "आधी तिनं केलं हे कशावरून, ते सांगा."

"कशावरून?" तो हसला. ते हसू मला आवडलं नाही. "काका, जरा तिच्या पिशवीत हात घाला. मघाशी तिनं उघडली तेव्हा मला दिसलंय."

२

मी पिशवी उघडली. वायरींच्या गुंताड्यात एक फडकं होतं. राणी रंगानं माखलेलं, वाळून कडक झालेलं.

"आणि आता मशीन बघा तिचं," पेंटर म्हणाला.

मशीन म्हणजे तिचा सिंथ. पेटीसारख्या पट्ट्या, वर नुसती बटणं, खुंट्या आणि भोकं. जुनं धूड. भंगारातून उचलून आणलं होतं आणि आमच्या दादानं, म्हणजे तिच्या बापानं, "हे घरात नको" म्हणून कितीतरी दिवस तोंड वाकडं केलं होतं. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांवर राणी रंगाचे फराटे होते.

मी कपाळाला हात लावला. भिंगरीला बाहेर पायरीवर बसवलं.

"बोल."

"काय बोलू? मी नाही केलं."

"फडकं?"

"काल खुर्चीवर पडलं होतं. ओलसर होतं. मला वाटलं मावशीनं पुसायला ठेवलंय. पट्ट्या पुसल्या आणि टाकलं पिशवीत."

"रंग दिसला नाही?"

"नाही दिसला, काका."

"एवढा भडक?"

"नाही दिसला म्हणतेय ना!"

आता याला काय म्हणायचं? पोलिसात असताना असं उत्तर कुणी दिलं असतं तर मी चहा मागवून निवांत बसलो असतो, की आता हा बोलणार. पण ही घरची पोर. हिच्याशी कसा बसणार?

"पेंटरशी भांडलीस म्हणे."

"तो मला पडद्यामागं बसवत होता. म्हणे तुझ्या वायरी चित्राची शोभा घालवतात. चित्र भिंतीवर, मी जमिनीवर, कसली शोभा जाते? मग मी बोलले."

"काय बोललीस?"

ती खाली बघायला लागली. "की तुमच्या त्या गोऱ्यागोमट्या शहरावर बादलीभर रंग ओतीन."

"कुणासमोर?"

"सगळ्यांसमोर."

"शाब्बास."

मग मी विचारलं, कारण मला खरंच कळत नव्हतं, "हे प्रकरण आहे तरी काय गं? हा फटीफटींचा सूर्य, ती टिंगटिंग?"

"पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या लोकांना वाटायचं ना, पुढं असं असेल म्हणून? उडत्या गाड्या, चंद्रावर घरं, सगळं चकाचक. ते काढायचं. आणि त्यांना पुढचं संगीत कसं वाटायचं, तसं वाजवायचं. त्यांच्याच मशीनवर."

"पण तसं झालं नाही ना."

"म्हणूनच काका. त्यांनी केवढं छान काढलं होतं. आपण त्याची वाट लावली." ती टेपरेकॉर्डरच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आज वाजवायला मिळालं नाही तर पुढं कोण बोलावणार आहे मला? ग्रुपवर सगळ्यांनी वाचलंय. चित्र फाडणारी, रंग फासणारी म्हणून नाव झालं की संपलं. या कामात माणसं आहेतच किती?"

मी उठलो. गुडघा कटकन वाजला.

"तूच केलंस का, हे मी एकदाच विचारणार," मी म्हटलं.

"विचारा."

नाही विचारलं मी. विचारायला पाहिजे होतं, पण तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यात माझी हिंमत गेली. आणि न विचारता आत शिरलो, म्हणजे आता दुसऱ्या कुणीतरी केलेलं असणं मला भाग होतं.

३

पहिली मावशी. हॉलच्या किल्ल्या हिच्याकडे. झाडणं-पुसणं, दार उघडणं, पाहुण्यांवर डाफरणं, सगळं हिचंच खातं.

"मावशी, काल कोण कोण आलं?"

"आले सगळे. जातात का कुणी? माझी चप्पल दाराशी असते, रोज कुणीतरी तुडवतं."

"चपलेचं नंतर बघू. आधी कोण?"

"पेंटर सकाळपासून. किल्ली दिली आणि जेवायला गेला. मग तो डबा आला."

"डबा?"

"तो डोक्यात डबा घालणारा. त्याचा डबा आत राहिला होता. मी दारात उभी राहिले, तो आत गेला, डबा घेतला, बाहेर आला. तेवढंच. मग तुमची पोर. तिला किल्ली दिली. संध्याकाळी तिनं परत दिली. आणि आज सकाळी मी."

"म्हणजे मधे आत एकटी तीच."

"हो की." मग तिला माझी दया आली असावी. "पण पोर गुणाची आहे हो. माझ्या चपलेवर कधी पाय दिला नाही."

हा पुरावा कुठल्या कलमाखाली घ्यायचा?

दुसरा डबा. म्हणजे भिंगरीच्या आधी वाजवणार होता तो. सगळे त्याला हेल्मेट म्हणतात. डोक्यावर चांदीसारखं चकाकणारं हेल्मेट, समोर काळी काच. भिंगरी गेली तर अख्खी संध्याकाळ याला मिळणार होती. मला वाटलं, सापडला.

"हेल्मेट काढ," मी म्हटलं.

"काढलं की मी मी राहत नाही," आतून आवाज आला, विहिरीतून आल्यासारखा.

"मग दुसऱ्याला बोलाव. मला त्याच्याशीच बोलायचंय."

काढलं त्यानं. आत घामानं निथळणारा, साधा, जरा घाबरट चेहऱ्याचा मुलगा होता.

"काल आत गेलास तेव्हा शहर कसं होतं?"

"पांढरं."

"नक्की?"

"काका, पांढरं म्हणजे पांढरं. मी नेहमी बघतो त्याच्याकडं. आणि मला तिच्या जागी वाजवायचं नाहीये. पेंटर म्हणाला म्हणून. तिच्यासारखं मला येतही नाही."

असं पोराचं तोंड बघून मला त्याच्यावर संशय घेता येईना. एवढा सोपा गुन्हेगार हातात आला होता, तोही गेला.

तिसरा पेंटर. तो जिन्यावर बसून सिगरेट ओढत होता.

"काल सकाळी तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? शहराला शेवटचा हात दिला. पांढऱ्याचा. वर्षभर तेच करतोय मी. काल असं उजळलं होतं ना काका... नुसतं बघत राहावं." त्याचा आवाज फुटला. माणूस नाटक करत नव्हता. "मी हे चित्र त्याच्याच उजेडात काढलं. ज्या दिव्यात लोक बघणार, त्याच दिव्यात. दिवसभर तेच दिवे चालू असतात. ट्यूबच्या बटणांवर चिकटपट्टी मारून ठेवलीय, कुणी लावायच्या नाहीत. आज या बाईनं पट्टी काढली."

"झाडू कसा मारायचा मग?" मावशी आतून ओरडली. "तुमच्या त्या नाचगाण्याच्या उजेडात धूळ दिसते का? पाहुण्यांनी शिंकायचं का?"

मी चित्राजवळ गेलो, अगदी नाक लावून. मनोऱ्यांना बारीक बारीक काळ्या खिडक्या होत्या. राणी रंग प्रत्येक खिडकीच्या कडेला येऊन थांबला होता. एकही खिडकी माखली नव्हती. पुलाच्या कठड्यांमधली फटसुद्धा.

मी आयुष्यात सूड घेतलेले लोक पुष्कळ पाहिले. कुणी गाडीच्या काचा फोडल्या, कुणी शेजाऱ्याचं दार कुऱ्हाडीनं. सूड घेताना खिडक्या सोडून रंग देणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"ही चादर टाका यावर," पेंटर माझ्या मागून म्हणाला. "बघवत नाही."

४

परत पायरीवर आलो. डोक्याचा भुगा झाला होता. भिंगरीनं पाण्याची बाटली पुढं केली.

"काल आल्यापासून काय केलंस ते सांग. आणि नीट सांग."

"सांगू कशाला? ऐका की." तिनं गळ्यातला टेपरेकॉर्डर दाखवला.

"हा चालू होता?"

"नेहमी असतो. जिन्यापासूनच चालू करते. दार, पायऱ्या, कुलूप, सगळे आवाज घेते, मग त्याचं काहीतरी करते. आणि मशीन गार असतं ना, तेव्हा सूर हलत असतात. गरम व्हायला वेळ लागतो. पण गार मशीन कधीकधी असं काहीतरी बोलून जातं की परत मिळत नाही. म्हणून टेप आधी, मशीन नंतर."

"हे सकाळपासून का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? सगळे मला फडकंच विचारतायत."

मला तिची मान मुरगळावीशी वाटली. आपल्याच घरातली माणसं अशी का असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

कॅसेट लावली. पावलं. किल्लीचा खुळखुळाट. मावशीचा आवाज, "आतून कडी घाल गं, मांजर शिरतं." कडी. परत पावलं. एक खटका, मग मशीनची घरघर. आणि लगेच, तळापासून वरपर्यंत, सगळे सूर एका दमात सरकत गेले. मग वरून खाली. मग परत.

"हे काय वाजवलंस? चांगलं आहे."

"वाजवलं नाही काका," ती म्हणाली. "पुसलं."

मी टेप थांबवली. मागं घेतली. परत ऐकली.

कडी घातली, मशीन चालू केलं, पट्ट्या पुसल्या. मधे खंड नाही. म्हणजे ही आत पाय ठेवायच्या आधीच ते फडकं रंगानं ओलं होतं. एवढं मोठं शहर, खिडक्या सोडून, ही येण्याच्या आधीच रंगवून झालं होतं. पुढं कॅसेटभर हिचं वाजवणंच वाजवणं.

मी धावत आत गेलो. धावत म्हणजे माझ्या मानानं. पेंटरला बसवून ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ठीक आहे. आधीच झालं होतं. मग ही बया शहरासमोर बसून संध्याकाळपर्यंत वाजवत होती. हिला दिसलं नाही?"

मी दाराकडं बघितलं. भिंगरी उंबऱ्यावर उभी होती.

"शहर पांढरं होतं," ती म्हणाली. "मी त्याच्याकडं बघूनच वाजवत होते. शपथ."

आता बोला. फडकं म्हणतंय आधीच राणी झालं होतं. पोर म्हणतेय पांढरं होतं. हेल्मेटही म्हणतोय पांढरं होतं. तिघांतला एक तर खोटा. आणि फडक्याला खोटं बोलता येत नाही.

पेंटर हेल्मेटकडं वळला. "तू सराव सुरू कर. हिची वेळ संपली."

५

हेल्मेटनं ट्यूब बंद केल्या, प्रदर्शनाचे गुलाबी-जांभळे दिवे लावले आणि धडामधुडूम सुरू केलं. चित्रावर चादर होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो. हात टेकले होते. वाटलं, दादाला फोन करून सांगावं, पोरीला घेऊन जा, माझ्याच्यानं होत नाही.

गोळ्यांची वेळ टळून गेली होती. डॉक्टरनं दोन दिल्यात. पांढरी जेवणानंतर, फिकी गुलाबी झोपताना. मी दोन्ही एकाच डबीत ठेवतो, बायको त्यावरून रोज बोलते. डबी उघडली, हातावर ओतल्या.

सगळ्या सारख्याच.

डोळ्याजवळ धरल्या. लांब धरल्या. चष्मा पुसला. सगळ्या एकाच रंगाच्या. म्हटलं, झालं, आता डोळे पण गेले. आधीच दिवस असा, त्यात झोपेची गोळी खाऊन इथंच आडवा होणार. वैतागून उठलो आणि दाराशी, उजेडात गेलो.

तळहातावर पांढऱ्या वेगळ्या, गुलाबी वेगळ्या. स्वच्छ दिसत होत्या.

"काय झालं काका?" भिंगरीनं विचारलं.

मी उत्तर न देता परत आत गेलो. सारख्या. परत बाहेर आलो. वेगळ्या. मावशी झाडू घेऊन बघत होती. तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

"ए हेल्मेट!" मी ओरडलो. "थांबव ते!"

त्यानं थांबवलं. मी चित्राजवळ गेलो, चादरीचं टोक धरलं. पेंटर "अहो, अहो" म्हणत धावला, तोवर मी चादर ओढली होती.

शहर पांढरं होतं.

६

मनोरे, पूल, उडत्या गाड्या, सगळं त्या गुलाबी उजेडात जसंच्या तसं उजळत होतं. हेल्मेटनं हेल्मेट काढलं. मावशीनं तोंडावर पदर धरला. भिंगरी नको म्हणून सांगितलेलं असताना आत आली आणि कुणी तिला अडवलं नाही.

"मावशी," मी म्हटलं, "ट्यूब लावा."

राणी.

"बंद करा."

पांढरं.

"बस करा," पेंटर म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "कळलं. या दिव्यात दोन्ही सारखंच दिसतं. कबूल. तिला दिसलं नसेल. पण रंग कुणीतरी दिलाच ना? ती येण्याच्या आधी कुणीतरी आत शिरून..."

"कोण शिरणार? तुमच्यानंतर हेल्मेट. तो मावशीच्या डोळ्यांदेखत डबा उचलून गेला."

"मग कोण?"

मला त्याची कीव यायला लागली होती, पण सकाळपासूनचा राग पण होता. "पेंटरसाहेब, माझं एक काम करा. हा दिवा असाच राहू द्या. शहराचा एखादा कोपरा पांढरा करून दाखवा. काल केलात तसाच."

"कशाला?"

"माझ्या समाधानासाठी."

तो फणकारत त्याच्या सामानाकडं गेला. एका फळीवर कॉफीच्या रिकाम्या बरण्यांत रंग भरून ठेवले होते. कशावर चिठ्ठी नाही, खूण नाही. त्याचं म्हणणं असायचं की रंगवाल्याला रंग बघितला की कळतो. त्यानं एक बरणी उचलली, हातात तोलली. ठेवली. दुसरी उचलली. ती उघडली, बोट बुडवलं, डाव्या हाताच्या पाठीवर ओढलं.

"हा घ्या. पांढरा."

"नक्की?"

"तुम्ही मला रंग शिकवणार?"

"नाही बाबा. जरा दारापर्यंत चला फक्त."

तो निघाला. ताठ मानेनं निघाला होता, पण अर्ध्यात त्याची चाल मंदावली. दारातून दिवसाचा उजेड जमिनीवर पसरला होता, त्याच्या अलीकडं तो थांबला. पुढं पाऊल टाकेना. हात पाठीमागं धरून उभा राहिला, मार चुकवणाऱ्या पोरासारखा.

मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं. बाहेर जाऊन बघायची गरज नव्हती.

भिंगरी त्याच्याजवळ गेली. तिनं त्याचा हात मागून पुढं घेतला आणि उजेडात धरला.

राणी.

"काल घरी जाऊन हात धुतले, तेव्हा हाच रंग निघाला," तो हळू बोलला. "पण आभाळाच्या जांभळ्यात आठवडाभर हाच मिसळतोय. रोज निघतो. मी बघितलंसुद्धा नाही." मग चित्राकडं वळून म्हणाला, "ब्रश पुसायचं फडकं मी खुर्चीवर टाकलं होतं."

"खिडक्या किती सांभाळल्यात हो," मी म्हटलं. मला टोमणा मारायचा होता. निघाला तो टोमण्यासारखा निघाला नाही.

७

असं वाटेल, इथं संपलं. माझं पण तसंच मत होतं. घरी जाऊन पाय वर करून पडावं.

पण पेंटर एकदम खुलला. "म्हणजे काही बिघडलंच नाही! या दिव्यात पांढरंच दिसतंय. संध्याकाळी हेच दिवे असणार. कुणाला कळणारसुद्धा नाही! चल गं, मशीन लाव. पुढं लाव, अगदी चित्रासमोर. पडदाबिडदा काही नको."

माझं डोकंच सणकलं. मी तोंड उघडणार, तर भिंगरीच बोलली.

"सकाळी ग्रुपवर टाकलंत ते?"

"काढून टाकतो ना."

"वाचलेलं कसं काढणार?"

"मग काय करू? माफी लिहू?"

"तुम्ही लिहाल. खाली लोक फुलं टाकतील, टाळ्या टाकतील, वाचणार कोण? सकाळी ज्यांनी वाचलं ते सगळे संध्याकाळी येणारेत. त्यांच्या तोंडावर सांगा. मग मी वाजवीन."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला.

संध्याकाळी लोक आले. चकचकीत जाकिटं, जांभळे चष्मे, एकानं तर अंगावर दिवेच लावले होते, वायर खिशात. मावशी दारात चपलेची राखण करत उभी. भिंगरी पुढं, मशीनमागं बसलेली. पट्ट्यांवरचा रंग तिनं तसाच ठेवला होता. लोक तिच्याकडं बघून कुजबुजत होते, ते मला दिसत होतं. एकदोघं तर तिच्याजवळून जाताना मुद्दाम लांबून गेले.

पेंटर माइकवर आला. ट्यूब लावायला सांगितल्या. राणी रंगाचं शहर सगळ्यांसमोर उघडं पडलं. हॉलमधून "अरेरे" असा आवाज आला.

"हे तिनं केलेलं नाही," पेंटर म्हणाला. घाम फुटला होता त्याला. "मी केलंय. मीच माझं शहर रंगवलं. मला दिसत नव्हतं. मला वाटत होतं पांढरं आहे."

आणि हे कसं झालं ते समजावं म्हणून त्यानं ट्यूब बंद करायला लावल्या. गुलाबी दिवे लागले. शहर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं.

काय टाळ्या पडल्या म्हणता! शिट्ट्या. उभं राहून टाळ्या.

"नाही, नाही," पेंटर ओरडला. "टाळ्या नका वाजवू! खरंच सांगतोय! माझी चूक झाली!"

अजून टाळ्या. माझ्या शेजारचा अंगावर दिवे लावलेला माणूस डोळे पुसत म्हणाला, "काय बोललाय! मला दिसत नव्हतं, म्हणे. आपल्या सगळ्यांचंच आहे हो ते." मी त्याला म्हटलं, "अहो, त्याला खरंच दिसत नव्हतं." तो म्हणाला, "तेच तर."

पेंटरनं तिसऱ्यांदा सांगायचा प्रयत्न केला. त्याचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. त्यानं भिंगरीकडं बघितलं, हात पसरले. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं. निदान मला तसं वाटलं, त्या दिव्यात काय कळतंय. वाटलं, आता उठून जाते. पण तिनं दोन्ही हात मशीनवर ठेवले आणि वाजवायला लागली.

मला त्यातलं कळत नाही. पण सुरुवातीला ती रागानं वाजवत होती, आणि शेवटी रागानं वाजवत नव्हती, एवढं मला कळलं. पलीकडं हेल्मेट हेल्मेट काखेत धरून ऐकत उभा होता.

कार्यक्रम संपला. लोक निघाले. मी भिंगरीच्या वायरी गुंडाळायला लागलो. त्या कशा गुंडाळायच्या हे ती मला दहा वेळा सांगून थकली.

दाराशी काहीतरी गडबड चालली होती. बघतो तर पेंटर उभा. बाहेर पडणाऱ्या एकेका माणसाचा दंड धरत होता.

"तुम्ही सकाळी वाचलंत ना? ग्रुपवर? ते खोटं होतं. तिनं नाही केलं. मी केलं. नाही, नाही, कलाबिला काही नाही. बरणी चुकली माझी. बरणी! हो, नुसती बरणी. चुकून. तिचं नाव मी उगाच घेतलं. कळलं ना? सांगा बघू मला परत, कुणी केलं?"

आणि समोरचा "तुम्ही" म्हणेपर्यंत दंड सोडत नव्हता. मग पुढचा.

भिंगरी हातातली वायर तशीच धरून बघत राहिली. खूप वेळ बघितलं तिनं. आवाज बसला होता बिचाऱ्याचा. एका बाईला तर त्यानं जिन्यावरून परत वर बोलावलं.

"काका," ती म्हणाली, "त्याला म्हणा आता पुरे."

मी हॉलभर नजर टाकली.

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून बरीच माणसं आत आहेत."